आपला म्हणजे युअर

ता. १० जानेवारी १९२६, रविवार. कुंभिवली.
आजपासून रोजनिशी. खरे म्हणजे इंग्रजीत लिहिणार होतो. पण वाचणारा मी एकटा. एकट्यासाठी इतके चांगले इंग्रजी खर्च करावे असे वाटेना.

संकल्प: मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर पुन्हा देणे. (आजवरच्या परीक्षकांना माझे इंग्रजी झेपले नाही.) गावच्या मराठी शाळेतली दुय्यम मास्तरकी सोडून एखाद्या साहेबाचा हेडक्लार्क होणे. घरात इंग्रजी सुरू करणे.

शेवटचा संकल्प सकाळीच अमलात आणला. बायकोला, जयवंतेला, म्हटले, "गिव्ह मी माइन टी."

ती म्हणाली, "मैना कशाला आता? चहा निवतोय."

शिसारी आली. चहाही निवला होता.

ता. १४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.
शाळेला सुट्टी. घरात तिळाचा धूर आणि बायकांची वर्दळ. मागल्या पडवीत व्याकरण घेऊन बसलो.

मराठीचा वीट आला आहे. वर्षभर पोरांकडून 'माझा, माझी, माझे' घोकून घ्यायचे. साधी आपली वस्तू आपली म्हणायची तर ती पुरुष की बाई की नपुंसक, याची आधी चौकशी. इंग्रजी बघा! टोपी असो, आई असो, म्हैस असो, सगळ्यांना 'माय'. काय ती टापटीप!

'हिज', 'हर' आणि 'इट्स' हे तीन मात्र मला फार दिवस छळत होते. आज उलगडा झाला. त्याचा घोडा: हिज हॉर्स. त्याची बायको: हर वाइफ. त्याचे घर: इट्स हाउस. चा, ची, चे! सरळ आहे. पुस्तकात उलटेच छापले आहे, वस्तू कोणतीही असो, मालक पुरुष तर 'हिज', म्हणून 'हिज वाइफ'. बायकोला 'हिज'! छापखान्यातल्या लोकांना लाज नाही.

डिक्शनरीत 'माइन' पाहिले तर अर्थ 'खाण'. म्हणजे 'धिस हाउस इज माइन' याचा अर्थ हे घर खाण आहे. डिक्शनरी फडताळावर टाकून दिली. असल्या लोकांच्या हाती भाषा गेली.

ता. १९ जानेवारी, मंगळवार.
मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने टेकडीखालची जमीन घेतली आहे. दगडाची खाण काढणार. साहेब आणि मडम बंगल्यात राहायला आले. हेडक्लार्कीचा योग इतक्या जवळ चालून येईल असे वाटले नव्हते.

शाळा सुटल्यावर कोट घालून रस्त्यावर मुद्दाम उभा राहिलो. साहेब आला. टोपी काढून मला मराठीत म्हणाला, "राम राम. टुमचा गाव चांगला आहे."

मला! मराठीत! जसा मी बैलगाडीवाला. आणि ते तसले मराठी! अंगावर काटा आला. मी ठणकावून म्हटले, "गुड इव्हनिंग सर. हाउ इज हर वाइफ?"

साहेब मागे वळून पाहू लागला. मागे फक्त धोंडूबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती. तिच्याकडे बघत साहेब म्हणाला, "हूज वाइफ?" मी म्हटले, "हर, हर!" आणि बंगल्याकडे बोट केले. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि झपाझप निघाला. माझ्या इंग्रजीचा दाब बसला हे उघड होते.

संध्याकाळी पाटलाने विचारले, "सायेब मराठी बोलतो का रं?" मी सांगितले, नाही, साहेबाला इंग्रजीशिवाय अक्षर कळत नाही. तत्त्वतः खरेच आहे. त्याच्या त्या बोलण्याला मराठी कोण म्हणेल?

ता. २४ जानेवारी, रविवार.
देवळापुढे गाव जमला. प्रश्न झऱ्याचा. टेकडीच्या पायथ्याला खडकातून झरा येतो, वैशाखातही आटत नाही. सगळ्या गावाचे पिण्याचे पाणी तेच. साहेब जमिनीभोवती दगडी गडगा घालणार आहे, आणि झरा नेमका हद्दीवर. साहेब माणूस सरळ असावा. मुकादमाकडून निरोप धाडला आहे: झरा कोणाचा ते लिहून द्या, त्याप्रमाणे गडगा घालीन.

म्हणजे अर्ज. म्हणजे मी.

सखा पाटील सांगू लागला आणि मी टिपू लागलो. "लिव. झरा आपला हाय. आज्यापंज्यापासून आपला. आपल्या बाया तिथंच पानी भरतात. तवा झरा आपल्याकडंच ऱ्हावा." चार ओळी आणि चारही ओळींत 'आपला'. ही शब्दांची श्रीमंती! वर धोंडूबाईने डोके घातले, "आनि लिवा, तुमची मोहरूम नजर ऱ्हाऊ द्या झऱ्यावर." मेहेरनजर म्हणायचे होते. कान धुवून घ्यावेसे वाटले.

पण मी अर्ज असा लिहीन की साहेब मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसवील.

ता. २५ जानेवारी, सोमवार.
'आपला' या शब्दावर सबंध सकाळ घालवली. पोरांना शुद्धलेखन देऊन बसवले.

'आपण' हे आदरार्थी. 'आपली आज्ञा', 'आपला आज्ञाधारक', 'आपण केव्हा आलात?' थोरामोठ्यांशी बोलताना आपला म्हणजे तुमचा, पण अदबीने. साहेबाला लिहायचे म्हणजे अदब आलीच. म्हणून आपला म्हणजे 'युअर'. याहून स्वच्छ काय?

अर्ज उतरला. 'द स्प्रिंग इज युअर. फ्रॉम युअर ग्रँडफादर इट इज युअर. युअर विमेन आर फिलिंग वॉटर. देअरफोर लेट द स्प्रिंग रिमेन विथ यू.'

मोठ्याने वाचला. कुठे खडा लागला नाही. पाटील म्हणाला, "झ्याक." जयवंता चुलीपुढून म्हणाली, "यू म्हंजी काय?" मी म्हटले, "तुला सांगून उपयोग?" ती फुंकणीने जाळ फुंकू लागली. फुंकर जरा जास्तच होती.

ता. २६ जानेवारी, मंगळवार.
जयवंतेचा भाऊ कान्हा आला. कर्जत स्टेशनात तिकिटे देतो. मॅट्रिक झाला आहे, ते तो कोणाला विसरू देत नाही. अर्जाची नक्कल दिसली ती उचलली, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा आंबट झाला.

"दाजी, इथं 'अवर' पाहिजे. 'युअर' म्हणजे साहेबाचा झाला की झरा."

मी त्याला आदरार्थी बहुवचन समजावले. तो म्हणाला इंग्रजीत तसे नसते. मी विचारले, साहेबाला आदर नको का? तो म्हणाला, आदर द्या, झरा कशाला देता?

भोकातून तिकीट सरकवणारा माणूस मला सर्वनामे शिकवणार! जयवंता म्हणाली, "अवं, तो येवढा सांगतो तर बदला की." बहीण भावाचीच बाजू घेणार. मी अर्ज घेऊन तसाच उठलो आणि बंगल्यावर नेऊन दिला. उद्यापर्यंत थांबणार होतो, पण या घरात चांगल्या भाषेला धोका आहे.

ता. ३० जानेवारी, शनिवार.
जिंकलो!

साहेबाने बिस्किटांचा मोठा डबा धाडला, वर राणीचे चित्र. सोबत चिठ्ठी. 'थँक्स' आहे, 'जेनरस' आहे, 'गिफ्ट' आहे, आणि 'युअर' दोनदा आहे. मला त्यानेही 'युअर' लिहिले! आदराला आदर. कान्ह्याला ही चिठ्ठी चौकट करून पाठवावी असे मनात आले.

देवळापुढे बिस्किटे वाटली. निम्म्या गावाने अंडे असेल म्हणून खाल्ली नाहीत, उरलेल्या निम्म्याने त्यांचीही खाल्ली. सखा पाटलाने माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तरानं झरा राखला!" त्याच्या हाताला तंबाखूचा वास होता, कोट दोन दिवस उन्हात घालावा लागेल. पण क्षण मोठा होता.

जयवंतेने बिस्किट हातात धरून विचारले, "पन सायबानं आपल्याला खाऊ का धाडला? आपुन त्याला काय दिलं?" बायकांना कृतज्ञता कळत नाही.

ता. ९ फेब्रुवारी, मंगळवार.
गडग्याचे काम सुरू. गवंडी झऱ्याच्या अलीकडून पाया खणत आहेत. पाटील विचारायला आला. मी सांगितले, इंग्रज लोक आधी बाहेरून आखतात, मग आत येतात. तो गेला. मला स्वतःला जरा चमत्कारिक वाटले, पण इंजिनिअरिंग हा माझा विषय नाही.

ता. १८ फेब्रुवारी, गुरुवार.
गडगा कमरेएवढा झाला. झरा आत.

साहेबाने आत झऱ्याभोवती फुलझाडे लावायला घेतली आहेत. मडम खुर्ची टाकून बसते. मुकादम म्हणाला, "गावानं दिला म्हणून सायेब लई खूश हाय." गावाने दिला! हा मुकादम अडाणी आहे. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, हेच आमचे दुर्दैव.

माझे मत: साहेबालाच इंग्रजी येत नाही. विलायतेतही खेडवळ लोक असणारच.

ता. २२ फेब्रुवारी, सोमवार.
बायका आता नदीवर जातात. लांब पडते, आणि पाणी गढूळ. घरात अंघोळीला एकच तांब्या मिळाला. तक्रार केली तर जयवंता म्हणाली, "हंडा तिथं हाय, नदी तिथं हाय."

शाळेत पोरे हसली. फळ्यावर कोणीतरी बिस्किट काढले होते.

संकल्प: दुसरा अर्ज. जास्त सोपा, साहेबाच्या कुवतीचा.

ता. २३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी.
अर्ज झाला. 'आपला' शब्द यात टाळला. 'झरा गावाचा आहे.' गाव पुल्लिंगी धरला, झराही पुल्लिंगीच. 'द स्प्रिंग इज नॉट युअर. द स्प्रिंग इज हिज.' बस. यात न समजण्यासारखे काय आहे?

संध्याकाळी.
साहेबाचा बटलर चिठ्ठी घेऊन आला. तीनच शब्द: 'हू इज ही?'

चिठ्ठी फाडून टाकली. या माणसाच्या हाताखाली हेडक्लार्क होण्याची माझी इच्छा मेली.

ता. ३ मार्च, बुधवार.
धोंडूबाई नदीवर पडली. शेवाळावरून पाय गेला, हंडा अंगावर आला, मनगट मोडले. ठाकूरवाडीचा चांगो ठाकूर येऊन बांबूच्या कांब्या बांधून गेला. हाड बसवताना म्हातारी ओरडली ते शाळेपर्यंत ऐकू आले. मी पोरांना वाचायला सांगितले, पण कोणी वाचेना.

वास्तविक तिने जपून चालायला हवे होते. वय झाले आहे.

जयवंता तिच्याकडे भाकरी करायला गेली ती रात्र पडल्यावर आली. मी आपण होऊन सांगितले की इंग्रजीत अशा गोष्टी घडतात. ती म्हणाली, "तिचा हात मोडलाय मराठीत."

खरे तर 'मोडला आहे'. सांगणार होतो. का कोण जाणे, सांगितले नाही.

ता. ७ मार्च, रविवार.
जे घडले ते घडले तसे लिहितो.

सकाळी गलका ऐकला. गावातल्या साऱ्या बायका रिकामे हंडे घेऊन बंगल्याच्या फाटकावर, पुढे जयवंता, तिच्या शेजारी गळ्यात हात बांधलेली धोंडूबाई. मी धावलो. साहेबाशी बोलणार कोण? अनर्थ होईल म्हणून धावलो.

पोचलो तेव्हा साहेब फाटकात उभा होता आणि जयवंता त्याच्याशी बोलत होती. मराठीत. आणि तो उत्तर देत होता. मराठीत!

साहेबाने झऱ्याकडे बोट केले. "हा झरा कोणचा?"

धोंडूबाई म्हणाली, "आमचा."

साहेबाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. "माझा नाय?"

"नाय बाबा. आमचा."

"मग हे?" साहेब आत गेला आणि माझा अर्ज घेऊन आला. मला पाहून त्याने टोपी काढली. "मास्तर, टुमी लिहिले, झरा साहेबाचा. साहेबाच्या आज्याचा. मी बोललो, माझा आजा कधी हिंदुस्थानात आला नाय! पण मी बोललो, किती चांगला लोक. मला भेट दिला."

तोवर पुरुषही जमले होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. सखा पाटील सावकाश पुढे आला.

"मास्तर, आपला झरा त्याला दिलास व्हय रं?"

मी म्हटले, पाटील, 'आपला' हे आदरार्थी... 

"कसला आदर? आपला म्हंजी आपला. तुजा, माजा, समद्यांचा. मी सायबाम्होरं बोलत न्हवतो, मी तुज्यासंगं बोलत व्हतो. तू आपल्यातलाच ना रं?"

याला व्याकरणात उत्तर असेल. फडताळावरची डिक्शनरी पुन्हा काढावी लागेल.

जयवंतेने मात्र दुसरेच धरले होते. तिने पाटलाला विचारले, "सायेब मराठी बोलतो ते म्हायत न्हवतं कुनाला?" पाटील म्हणाला, "मास्तरानं सांगितलं, बोलत नाय." ती माझ्याकडे वळली. मी साहेबाच्या उच्चारांविषयी सांगू लागलो. ती ऐकून घेण्याआधीच वळून आत झऱ्याकडे चालू लागली. साहेबाने फाटक उघडे धरले होते.

जाताना साहेब माझ्याजवळ थांबला. अगदी सौम्यपणे म्हणाला, "मास्तर, पुढचा वेळ मराठीत लिहा." आणि जयवंतेकडे बघून, "टुमचा बायको फार हुशार."

तुमचा बायको! बायको स्त्रीलिंगी, हे दुसरीतल्या पोराला कळते. पण त्याला कोणी हसले नाही. हसले ते मला.

ता. ८ मार्च, सोमवार.
साहेबाने गडगा पाडून झऱ्याच्या पलीकडून घ्यायला सांगितला. गवंडी वैतागले आहेत. फुलझाडे मात्र राहू द्यावी असे मडमेने बायकांना विचारले, बायका हो म्हणाल्या. सगळे मराठीत ठरले. गबाळ्या, अशुद्ध मराठीत. ऐकवत नव्हते.

जयवंता झऱ्यावरून भरलेला हंडा घेऊन आली. उंबऱ्यात हात लावायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सांडल."

घरात बोलणे बंद. मी तिला 'गुड नाइट' म्हटले, नंतर 'झोप आता' म्हटले. तिने दिवा मालवला.

ता. १३ मार्च, शनिवार.
बंगल्यावरून निरोप. बटलर दारात. मी कोट घालायला घेतला. शेवटी गुण पारखलेच!

निरोप जयवंतेला होता. मडमेला मराठी शिकायचे आहे, रोज संध्याकाळी यावे. मी बटलरला म्हटले, मी मराठीचा ट्रेन्ड मास्तर आहे, शाळेत हेच शिकवतो. तो म्हणाला, "मास्तर, मी पन सायबाला तेच बोललो. सायेब म्हनला, नको नको."

मराठी शिकवायची मला कधी हौस नव्हतीच. बरे झाले. थू!

ता. २२ मार्च, सोमवार.
जयवंता आज मला म्हणाली, अंधार पडतो, परतताना घ्यायला या. इतक्या दिवसांत एवढे लांब वाक्य पहिलेच. मी मुद्दाम कुरकुर केली, आणि वेळेआधीच निघालो.

फाटकावर नवा पहारेकरी. मला ओळखत नाही. म्हणाला, "कोन तुमी? कुनाचे?"

साहेबाचा म्हणावे तर खोटे. शाळेचा म्हणावे तर त्याला काय? शेवटी म्हटले, "आत शिकवायला बाई आल्यात ना, त्यांचा."

"मास्तरीनबाईंचा व्हय? मंग बसा तितं दगडावर."

बसलो. खिडकी उघडी होती, धडा चालू होता. मडमेने मला पाहिले असावे. आतून तिने विचारले, "टो माणूस कोणाचा?"

"त्यो? त्यो माजा."

मडम घोकू लागली, "टो माजा. टो माजा."

"तुजा नाय गं बाय! माजा."

"माजा?"

"तू म्हनताना तिचा म्हन. तिचा. त्यो तिचा हाय."

"टो तिचा हाय," मडम म्हणाली.

पहारेकरी हसून हसून काठीवर रेलला. शी! दोन बायका आत बसून माझी मालकी ठरवत होत्या, आणि मी बाहेर डास मारत होतो. संताप आला. दोघींचे वाक्य मनात पुन्हा पुन्हा तपासले. लिंग, वचन, विभक्ती.

चूक सापडली नाही.